पंचाखालचा हात

अमरावती
पौष वद्य तृतीया, शके १७८६

सौभाग्यवती मैनाबाईस आशीर्वाद, आणि हे पत्र तिला वाचून दाखवतील त्या रामरावांना रामराम.

तू गाडीतून न उतरताच परत अकोल्याला गेलीस, त्याला सव्वा महिना झाला. तू आपणहून काही निरोप धाडशील म्हणून वाट पाहिली. आला नाही, तेव्हा मीच लिहितो आहे. तुला वाचता येत नाही, म्हणजे माझं म्हणणं तुझ्या भावाच्या तोंडूनच तुझ्या कानी पडणार. त्याला इलाज नाही. त्यांच्याविषयी जे आहे तेही त्यांनी मोठ्याने वाचावं, एवढंच सांगणं.

त्या दिवसाची माझी बाजू एकदा स्वच्छ मांडतो. मी आडतीवरचा पारखी आहे. अमेरिकेत लढाई लागल्यापासून विलायतेच्या गिरण्यांना आपल्याच कापसाची भूक आहे, आणि भाव असा चढला आहे की चांगली चांगली माणसं वजन वाढवायला कापसावर पाणी मारू लागली आहेत. गाडीत हात घालून चिमूटभर कापूस काढायचा, दोन अंगठ्यांत धरून ओढायचा आणि माल खरा की खोटा ते सांगायचं, याचसाठी मला ठेवलेलं आहे. रामरावांच्या गाडीत पाणी होतं. होतं की नाही, रामराव? दिवाळीचं माहेरपण उरकून तू त्याच गाडीत बसून आलीस, हा योग वाईट. पण गाडी साळ्याची म्हणून मी डोळेझाक केली असती, तर दुसऱ्या दिवशी बाजारात माझ्या शब्दाला कोणी विचारलं असतं?

तू म्हणशील, पंचा होता ना. होता. विकणारा आणि घेणारा पंचाखाली एकमेकांचा हात धरतात, बोटं दाबून भाव ठरतो, आजूबाजूच्या कोणाला काही कळत नाही. माल ओला निघाला तर घेणाऱ्याच्या वतीने पारखी तिथेच बोटं कमी दाबतो. समोरचा काय ते समजतो, कमी भाव घेतो आणि मान राखून घरी जातो. हा रिवाज मला शिकवायला नको. रामरावांनी पंचाखाली हात पुढेही केला होता. पण साळ्या-मेहुण्यांचं पंचाखाली काहीतरी शिजतं आहे असं लोक म्हणाले असते. म्हणून मी पंचा बाजूला टाकला आणि माल ओला आहे असं चार लोकांत बोललो.

चूक झाली असेल तर एकच. माझा आवाज चढला. राग हा माझा दोष आहे, हे मी शोधून काढलं आहे. संक्रांतीला मी राग सोडला. आज तिसरा दिवस आहे, आणि मला तर तो गेल्यासारखाच वाटतो. स्वयंपाकाला पार्बताबाईला ठेवलं आहे. म्हातारी भाकरी कडेने जाड थापते. मी तिला आवाज न चढवता सांगितलं. काल सातव्यांदा सांगितलं, तेही हळूच.

तेव्हा आता तू यायला हरकत नसावी. अब्दुल सत्तार गाडीवान सरकी घेऊन अकोल्याला येतो आहे, त्याच्या हाती हे पत्र देतो. उत्तरही त्याच्याच हाती द्यावं.

दिवाळीला निघताना तू लोणच्याच्या बरणीला फडकं सैल बांधलं होतंस. वर बुरशी धरली. रागावून लिहीत नाही, फक्त कळवतो आहे.

जानराव

अमरावती
माघ शुद्ध एकादशी, शके १७८६

सौभाग्यवती मैनाबाईस,

उत्तर पोचलं. पाचच ओळी आहेत. अक्षर रामरावांचं आहे आणि शिरोरेखा सगळीकडे वर चढलेली आहे. शब्द तुझे किती आणि त्यांचे किती, हे कळायला मार्ग नाही. ‘तुम्ही माझ्या गुडघ्याची चौकशी केलीत, बरं वाटलं,’ असं त्यात आहे. मी केली होती का? नीटसं आठवत नाही. केली असेन. गुडघा कसा आहे?

यायचं की नाही याबद्दल मात्र तू अक्षरही लिहिलं नाहीस. माझा राग गेला हे तुला खरं वाटत नसावं. म्हणून मी एक गोष्ट केली. तोलाईवरचे महादेवराव वीस वर्षं माझ्याबरोबर आहेत. तोंडावर बोलणारा माणूस. त्यांना विचारलं, मी रागीट आहे की नाही ते सांगा. ते वजनं उचलता उचलता थांबले आणि म्हणाले, “राग त आमाले बी येते, जानराव. येते अन जाते. तुमचं तसं नाई. तुमी माणसाची चिमूट काढून पाहता.”

मला हे पटलं नाही. मी म्हटलं, कधी, कोणाची, एक उदाहरण द्या. ते म्हणाले, “हे पाहा, आता माही काढून राहिले.” आणि हसत हसत निघून गेले. मला हसू आलं नाही. एक शब्द बोलायचा आणि पुरावा द्यायचा नाही, ही कोणती रीत? मी दुपारभर त्यांच्या मागे लागलो, पण त्यांनी दाद दिली नाही.

तरीही करून पाहायला काय हरकत आहे असं वाटून मी एक दिवस ठरवला. कोणाचीही खोट तोंडातून काढायची नाही. सोमवार धरला. सकाळी पार्बताबाईने अंगण झाडलं, कोपरा राहिला, मी बोललो नाही. भाकरी आली, बोललो नाही. पाणी भरताना तिने घागर उंबऱ्यावर आपटली, तरी बोललो नाही. मला वाटलं आता ही म्हातारी माझं नाव काढील. संध्याकाळी ती पदर खोचून समोर उभी राहिली आणि म्हणाली, “मालक, बोलून घ्या बरं. तुमी बोलता तवा येवढं लागत नाई. नुसते पाहता तवा लय लागते.”

मैना, मी नुसता पाहतो तेव्हा कसा दिसतो? घरात आरसा आहे, त्यात पाहिलं. मला तर साधाच चेहरा दिसला. तुला ठाऊक असेल तर कळव.

जानराव

अमरावती
फाल्गुन शुद्ध द्वितीया, शके १७८६

सौभाग्यवती मैनाबाईस,

आज मला काही सांगायचं आहे. जमेल तसं सांगतो.

परवा पार्बताबाई भाजी निवडता निवडता विहिरीवर साप निघाल्याची गोष्ट सांगत होती. म्हणाली, बुधवारी सकाळी निघाला, हातभर होता, भगवंताच्या बायकोने आधी पाहिला. मी म्हटलं, बुधवार नव्हे, मंगळवार. थोड्या वेळाने म्हटलं, हातभर नव्हता, वीतभर होता, मी स्वतः पाहिला. तिने हातातली जुडी खाली ठेवली आणि म्हणाली, “मंग तुमीच सांगा.” आणि गप्प झाली. उरलेली गोष्ट तिने सांगितलीच नाही.

तिचं ते गप्प होणं माझ्या ओळखीचं होतं. मी बराच वेळ आठवत बसलो, आणि मग तू आठवलीस. लग्न होऊन आलीस तेव्हा तू किती बोलायचीस. मी बाजारातून आलो की तुझ्याकडे दिवसभराचं साचलेलं असायचं. शेजारणीची म्हैस, मोर्णेचा पूर, तुझ्या आईने सांगितलेलं काहीतरी. आणि मी तुला नीट करत असे. म्हैस काळी नव्हती, भुरी होती. पूर त्या साली नव्हे, त्याच्या आदल्या साली. मला वाटायचं मी ऐकतो आहे. तू कधी थांबलीस ते मला सांगता येणार नाही. नंतर घरात आपण दोघंच आणि तुझे शब्द तीन. हो, नाही, पान वाढलं.

लोकांना मी कौतुकाने सांगत असे की आमची मंडळी अबोल आहे. अठरा वर्षं मी तुला अबोल समजत होतो. मला याची फार लाज वाटते.

म्हणजे महादेवरावांचं बरोबर होतं. मला जे दिसतं ते आधी ओढून पाहावंसं वाटतं. याच गुणावर बाजारात माझं नाव झालं, त्याच्यावरच घर चाललं, त्यामुळे तो दोष असेल हे ध्यानातच आलं नाही. आता ध्यानात आलं आहे. पण ध्यानात येऊनही जातो कुठे? काल देवळात कीर्तन चाललं होतं आणि मी टाळ कोणाचा चुकतो आहे ते पाहत बसलो. उठून बाहेर आलो.

तू बोल, मैना. माझ्यापाशी नाही तर तिकडे बोल. रामरावांपाशी बोल.

मागच्या पत्रात तू भाच्याचं बारसं पंचमीला गुरुवारी झालं असं कळवलंस. पंचमीला बुधवार होता.

जानराव

अमरावती
फाल्गुन वद्य षष्ठी, शके १७८६

मैना, आणि रामराव,

हे पत्र दोघांना आहे. सत्तार काल अकोल्याहून आला. बैल सोडून माझ्या ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि सांगू लागला. मागचं पत्र वाचलं जात होतं तेव्हा तो तिथेच ओसरीवर होता. म्हणाला, “भाबी लय रडल्या. रामरावनं वाचलं ना, का बजारात माही चूक झाली, मैनाच्या भावाची मी हात जोडून माफी मांगतो, घर सुनं पडलं. मले बी गहिवरून आलं, भय्या. पाडव्याच्या आंदी येतो म्हनल्या, गाठोडं बांधून राहिल्या.”

मी असं काही लिहिलं नव्हतं. त्या पत्रात माफी कुठे नाही. आधीच्या दोनांतही नाही. मी सत्तारला पुन्हा पुन्हा विचारलं. पंचमीला बुधवार होता, हे वाचलं का? नाही. लोणच्याची बरणी? कोणती बरणी, म्हणून त्याने मलाच विचारलं.

रामराव, खरं सांगतो, पहिल्यांदा माझं डोकं भडकलं. या माणसाने कापसात पाणी मारलं, आता माझ्या पत्रातही मारलं, हे शब्द जिभेवर आले. सत्तार समोर होता म्हणून गिळले. मग तो गेला आणि मी एकटा बसलो. तुमच्या गावाच्या बाजारात तुम्हाला पाणीवाला म्हणतात, हे मी ऐकून आहे. अमरावती सोडून तुम्ही आता माल खामगावला नेता, हेही ऐकून आहे. ज्याने तुमचं नाव असं घालवलं, त्याची पत्रं हातात घेऊन तुम्ही दोन महिने त्यातले काटे काढत बसलात आणि नव्हतं ते चांगलं घातलंत. माझ्यासाठी नसेल, बहिणीसाठी असेल. तरी माझ्याच तोंडी घातलंत.

मैना, तुझ्या गुडघ्याची चौकशी मी केली नव्हती. एवढा मोठा पारखी, पण ती ओळ वाचली आणि पुढे गेलो, कारण ती माझ्या फायद्याची होती. दुसऱ्याचा माल मी तीनदा ओढून पाहतो. माझ्या नावावर चांगला माल आला तर हातही लावला नाही.

आता मी गप्प बसलो तर तू पाडव्याच्या आधी येतेस. रात्रंदिवस मला दुसरं काही नको आहे. पण तू ज्याच्याकडे यायला निघालीस तो माणूस रामरावांनी केलेला आहे. या घरात तो तुला भेटायचा नाही. इथे मी आहे, आणि मी तुला बारशाचा वार सांगणारा आहे. तू दारात पाय ठेवशील आणि चार दिवसांत तुला कळेल, आणि मग तू कोणाच्याच शब्दावर, भावाच्याही, विश्वास ठेवणार नाहीस. म्हणून सांगून टाकतो.

हे सांगणं म्हणजे पुन्हा तीच खोड का, ते मला कळत नाही. झाकलेलं उघडं पाडायचं, चार लोकांत. खूप विचार केला. एवढाच फरक दिसतो की या खेपेला माल माझा आहे.

रामराव, जे तुम्ही वाचून दाखवलंत ते आता मी माझ्या हाताने लिहितो. बाजारात माझी चूक झाली. माल ओला होता, तरीही चूक झाली. तुमचा हात पंचाखाली पुढे आला होता आणि मी तो तसाच सोडला. लोक काय म्हणतील ही सबब होती. मी ओळखलं हे सगळ्यांना दिसावं, एवढंच मला हवं होतं. मी हात जोडून माफी मागतो.

आता एक काम करा. हे पत्र अक्षरही न गाळता तिला वाचून दाखवा. त्यानंतर जुनी तीन काढा आणि तीही जशी आहेत तशी वाचा, बरणीसकट. मग ती गाठोडं सोडून ठेवते की बांधलेलं ठेवते, ते तिचं.

जानराव

अमरावती
चैत्र शुद्ध चतुर्थी, शके १७८७

मैना,

पाडव्याला तू आली नाहीस. मी दाराला तोरण बांधलं, गुढी उभारली आणि दिवसभर रस्त्याकडे पाहत बसलो. संध्याकाळी गुढी उतरवली.

परवा सत्तार आला. बोलायला लागला तेव्हा मी त्याला मध्ये एकदाही अडवलं नाही. त्याने दोनदा चैत्राला फाल्गुन म्हटलं, तरी नाही. त्याने सगळं सांगितलं. रामरावांनी मध्येच थांबून पाणी मागवलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग कोनाड्यातून जुनी पत्रं काढली. बरणीपाशी तू हसलीस म्हणे. किती दिवसांनी हसलीस ते सत्तारला ठाऊक नव्हतं, म्हणून मला कळलं नाही.

आणि मग तू जे बोललीस ते त्याने जसंच्या तसं आणलं. मी त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं, तपासायला नव्हे, ऐकायला. तू इतकं बोललेलं मी किती वर्षांत ऐकलं नव्हतं.

“भाऊ गाळून वाचते हे मले पयल्याच पत्राले समजलं. म्हने गुडघ्याचं इचारलं. अठरा वर्सांत इचारलं नाई त्यायनं, आता काय इचारतीन? पन ज्यानं त्याले चवाट्यावर उघडं पाडलं, त्याच्याचसाठी माहा भाऊ चांगलं बोलून राहिला होता. ते मी काहून थांबवू? रडली मी भावासाठी. त्यायले सांग, यंदाची शेवटची गाडी रामनवमी झाली का अमरावतीले येईन. मी बी गाडीत असन. कापूस कोरडा हाय का ओला, ते सांगत नाई. खाली उतरायचं का नाई, ते मी गाडीतूनच पाहीन.”

म्हणजे माल तपासला जाईल, आणि तो कापूस नसेल. मी तुला दोष देत नाही. बरोबर आहे तुझं.

पण मला भीती वाटते, मैना. गाडीत हात घालीन आणि बोटांना ओल लागली तर माझं तोंड काय करील, याची मी आज खात्री देऊ शकत नाही. मी ठरवलं आहे ते असं. ओला असेल तर पंचाखाली बोटं ते सांगतील, रामराव समजतील, आडतीचंही नुकसान होणार नाही आणि तोंडाला काही काम उरणार नाही. इतर शेतकऱ्यांशी दोन दिवस असंच करून पाहिलं. पहिल्या दिवशी जमलं. दुसऱ्या दिवशी एकाच्या गाडीत सरकीचा चुरा निघाला आणि बोलून गेलो. त्या माणसाचा चेहरा मला दिसला. आधी असे चेहरे मला दिसत नसत.

सत्तारच्या हाती तू देवासाठी वाती दिल्यास. पानात बांधलेल्या, तू दर चैत्रात वळतेस तशा. सत्तार गेल्यावर मी पुडी सोडली. मन भरून आलं होतं, शपथेवर सांगतो. आणि थोड्या वेळाने पाहतो तर एक वात माझ्या हातात उकललेली. दोन अंगठ्यांत धरून मी तिचा धागा ओढून पाहिला होता. कधी ओढला ते मला कळलंच नाही. हे सांगितलं नसतं तर तुला कोणी सांगणार नव्हतं.

मी ती पुन्हा वळली. मला वळता येत नाही, जाडीभरडी झाली. संध्याकाळी देवापुढे तीच लावली. जळली. थोडी फडफडली, पण जळली. बाकीच्या तुझ्या आहेत, त्यांना हात लावलेला नाही.

तुझा गुडघा गाडीत आखडेल. रामरावांना सांगून खाली कडबा जाड घालून घे. वाटेत नदीवर थांबा, घाई करू नका. गाडी बाजारात कुठे उभी करायची ते रामरावांना माहीत आहे. मी तिथेच असेन.

पंचा धुऊन वाळत घातला आहे.

जानराव